मीटरवाल्याची शर्यत

सरांनी गठ्ठ्यातला आणखी एक लेख उचलला, पहिलं वाक्य वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'फाटक्या बुटांतून त्यानं पाहिलेलं आभाळाएवढं स्वप्न...' आधीच्या लेखातल्या धावपटूचे बूटही फाटकेच होते. त्याच्या आधीचा लेख एका पोहणाऱ्यावर होता, तिथे खरं तर बुटांचा प्रश्न यायला नको होता. पण लिहिणाऱ्यानं त्यालाही तलावापर्यंत फाटक्या बुटांतून चालवत नेलं होतं. आई सगळ्याच लेखांत रडत होती. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून सगळं उतरवलं होतं, आणि ते ठिकाण मोबाइलमध्ये होतं.

सरांचा सगळा जन्म वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर गेला होता. त्यांच्या नावावर मोठा पुरस्कार नव्हता, परदेश दौरा नव्हता. एकच गोष्ट होती: त्यांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल पेपरला कधी दिलगिरी छापावी लागली नव्हती. निवृत्तीनंतर पत्रकारितेच्या कॉलेजात 'क्रीडा फीचर : संशोधन आणि लेखन' हा विषय शिकवायला बोलावलं, तेव्हा ते उत्साहानं आले होते. तो उत्साह आता पार झिजून गेला होता. हल्ली त्यांना वर्गातल्या खुर्चीत बसल्या बसल्याच घरच्या खुर्चीची आठवण यायची.

तरीही ते उठले आणि वर्गात गेले.

"मोबाइल बॅगेत," ते म्हणाले. "फीचर पायांनी लिहायचं असतं, अंगठ्यानं नाही. समजा, आपल्याला एखाद्या अगदी साध्या माणसावर लिहायचंय. समजा हं. कोण घेऊ या?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवर विजेचं मीटर होतं.

"समजा, एक मीटर रीडर," ते म्हणाले.

एवढ्यात दार करकरलं आणि एक मुलगी धापा टाकत आत आली. दुपारपर्यंत वडिलांच्या इस्त्रीच्या दुकानातले कपडे घरोघरी पोचते करून ती कॉलेजला यायची आणि रोज उशिरा पोचायची, म्हणून सगळा वर्ग तिला लेटमार्क म्हणायचा. अजूनपर्यंत तिनं एकही लेख पूर्ण करून दिलेला नव्हता. ती शेवटच्या बाकावर बसली. सगळी 'समजा' तिच्या येण्याआधीच संपलेली होती.

"तर हा मीटर रीडर," सर पुढे म्हणाले, "घरोघरी इतक्या भरभर चालायचा की लोक त्याला झपाझप म्हणायचे. चालण्याच्या शर्यतीत उतरला. या शर्यतीचा नियम काय? एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही उचलले की बाद. फीचरचंही तसंच, उडायचं नाही. तर शेवटची फेरी. हा सगळ्यांच्या पुढे. आणि वाटेत एक घर लागतं. याला आठवतं, या घराचं रीडिंग घ्यायचं राहिलंय. आता काय करेल?"

"काय करेल?" लेटमार्कनं विचारलं. तिनं पेन हातात घेतलं होतं.

"थांबला," सर म्हणाले. दुपार कलली होती, डोकं ठणकत होतं, त्यांना दुसरं काही सुचलं नाही. "थांबला, मीटर वाचलं आणि शर्यतीत दुसरा आला."

वर्गातल्या बऱ्याच माना खाली झुकल्या होत्या. सरांना वाटलं, पोरं झोपली. पण लेटमार्कच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आता असा माणूस कसा शोधायचा, त्याच्याबद्दल कुणाकुणाला विचारायचं, ते बघा," सरांनी नेहमीप्रमाणे शेवट केला. "आणि माझा नियम विसरू नका. एकानं सांगितलं तर थाप, दोघांनी सांगितलं तर अफवा, तिघांनी सांगितलं तरच बातमी. तीन माणसं. चौथ्याला विचारू नका हवं तर, पण तिघांच्या खाली येऊ नका."

हे वाक्य त्यांनी स्वतःच तयार केलेलं होतं आणि त्यांना ते फार आवडायचं.

पुढच्या आठवड्यात लेटमार्क चक्क वेळेवर आली. सर स्टाफरूममध्ये चहा पीत होते. तिनं कागद पुढे ठेवले.

"सर, सापडले ते!"

"कोण?"

"झपाझप! वीज ऑफिसात गेले होते. तिथले क्लार्ककाका म्हणाले, भरभर चालणारा असा आमच्याकडे एकच होता, रिटायर झाला. पत्ता पण दिला त्यांनी."

चहा सरांच्या नाकात गेला. ठसका लागला तो थांबेना. लेटमार्कनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि स्टाफरूममधल्या दोन मॅडम पाण्यासाठी धावल्या. जरा श्वास मिळाल्यावर सरांनी लेख वाचायला घेतला. लेख चांगला होता. नुसता चांगला नव्हे, त्यांच्या सगळ्या शिकवण्याच्या काळात इतका चांगला लेख त्यांच्या हातात पडला नव्हता. कुणाचेही बूट फाटलेले नव्हते. कुणाची आई रडत नव्हती.

वीज ऑफिसातले क्लार्क म्हणत होते, 'शर्यतीचं बरंच ऐकलंय आम्ही. तेव्हा ऑफिसात चर्चाच ती होती.' कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार म्हणत होता, 'झपाझपच म्हणायचे त्याला. माझं मीटर नेहमी जास्त वाचायचा, पण चालायचा मात्र सुरेख.' तिसरी होती एक गृहिणी. 'डोळ्यांनी पाहिलंय मी त्यांना सरावाला जाताना,' ती सांगत होती. 'आमच्या यांना मात्र घरात कोण येतं, कोण जातं, कशाचं काही नसतं.'

हे शेवटचं वाक्य सरांना ओळखीचं वाटलं. विचार करता करता त्यांना आठवलं, आज सकाळीच त्यांनी ते ऐकलं होतं. कालही ऐकलं होतं.

आणि मग खुद्द नायक. लेटमार्कनं लिहिलं होतं : 'शर्यतीबद्दल विचारलं तर ते मान हलवतात. "मी कधी कुठल्या शर्यतीत उतरलोच नाही," एवढंच म्हणतात. आजच्या काळात इतका निरिच्छ माणूस विरळाच.'

"अगं, तो खरं सांगतोय!" सर ओरडले.

"हो ना सर. किती साधे आहेत!"

"हे तू कुणाला दाखवलं नाहीस ना?"

"प्रिन्सिपल सर व्हरांड्यात भेटले, त्यांनी वाचलं. त्यांना खूप आवडलं. त्यांनी लगेच पेपरला फोन लावला."

सर उठले ते थेट प्रिन्सिपलच्या खोलीत गेले. प्रिन्सिपल फोन ठेवतच होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. सरांचा विषय पुढच्या वर्षी बंद करायचा, असं त्यांनी मागच्याच महिन्यात सौम्य शब्दांत सुचवलं होतं.

"या, या! अहो, रविवारच्या पुरवणीत पहिल्या पानावर छापताहेत. 'मार्गदर्शन' म्हणून खाली तुमचं नाव. आणि शनिवारी आपला क्रीडादिन आहे, तिथे झपाझप यांचा जाहीर सत्कार!"

"असा कुणी झपाझप नाहीये. मी बनवलाय त्याला. वर्गात, उदाहरण म्हणून."

प्रिन्सिपलनी खुर्चीत मागे रेलून त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. "श्रेय नको म्हणून माणूस किती टोकाला जातो! वा. गुरूही तसाच, नायकही तसाच."

"अहो, खोटं छापून येईल माझ्या नावानं!"

"मी चषकाची ऑर्डर दिलीय," प्रिन्सिपल म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथे संपला होता.

सरांनी पेपरला फोन लावला. रविवारच्या पुरवणीचा संपादक एके काळी त्यांच्या हाताखाली होता. मथळे कसे कापायचे हे सरांनीच त्याला शिकवलं होतं.

"सर! काय पोरगी तयार केलीत! मी स्वतः क्लार्कला फोन करून खात्री केली. तो तर आता म्हणतो, शर्यत बघायला मी हजर होतो."

"अरे, ते सगळं मी रचलंय. उदाहरण होतं ते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सर, रागावू नका. पण तीन जण म्हणताहेत, घडलं. एक जण म्हणतोय, नाही घडलं. तुम्हीच शिकवलंत, एकानं सांगितलं तर काय म्हणायचं?"

सरांनी फोन ठेवला. स्वतःच्या वाक्याखाली सापडून चेंगरण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. सरांनी बूटही काढले नाहीत.

"परवा एक मुलगी आली होती का? मीटरवाल्याबद्दल विचारायला?"

"आली होती ना. गोड होती. का हो?"

"तू तिला सांगितलंस, डोळ्यांनी पाहिलंय म्हणून?"

"सांगितलं."

"कधी पाहिलंस तू?"

बायकोनं चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "धरा हे. अहो, एवढ्या उन्हातून आली होती बिचारी. चेहरा लालबुंद. तीन मजले चढून यायचं आणि आम्हाला माहीत नाही ऐकून परत जायचं? मला कसंतरीच वाटलं. म्हटलं, भरभर चालणारा मीटरवाला, एवढंच ना? असेलच की कुणीतरी. रीडिंगला येतात ते सगळे भरभरच चालतात."

"हे खोटं बोलणं झालं!"

"खोटं कसलं? माणुसकी आहे ती. टोक ताणून धरा जरा."

सरांनी टोक ताणून धरलं. त्यांना मनापासून वाटलं की या क्षणी कुणीतरी आपलीही अशी नीट घडी घालून कपाटात ठेवून द्यावी.

शुक्रवारी संध्याकाळी ते लेखातला पत्ता शोधत निवृत्त मीटर रीडरच्या घरी गेले. दार त्यानंच उघडलं. शिडशिडीत, पांढऱ्या केसांचा माणूस होता. सरांचं नाव ऐकताच त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही तिचे सर? बरं झालं आलात. मी त्या पोरीला दहादा सांगितलं हो, मी शर्यतीत नव्हतो. ती म्हणाली, कळतंय मला. आणि लिहून घेतलं."

"मग उद्या येऊ नका. मी सांगतो सगळ्यांना."

मीटर रीडरनं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सुनेनं सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय. शर्टाला स्वतः इस्त्री केलीय तिनं. सर, जन्मभर लोकांची दारं वाजवली मी. दार अर्धंच उघडायचे. 'बाहेर आहे मीटर, बघून जा,' म्हणायचे. या आठवड्यात पहिल्यांदा लोक म्हणाले, 'या, बसा.' खोट्यासाठी म्हणाले, मला मान्य आहे. मला खोटं नकोय. पण लोकांनी हसू नये एवढंच वाटतं."

माणूस थापाड्या असता तर त्याला झापणं सोपं गेलं असतं. घरी येताना त्यांनी हिशेब मांडला. नाही म्हणणारा एक आपण. दुसरा हा. तिसरं माणूस आपल्याच घरात बसलेलं आहे.

शनिवारी ते बायकोला घेऊन मैदानावर गेले. लेटमार्क नवा ड्रेस घालून मंडपाच्या मागे उभी होती. सरांच्या शेजारी त्यांच्या बायकोला पाहताच ती दचकली.

"काकू, तुम्ही? तुम्ही सरांच्या...?"

"नाइलाजानं," बायको म्हणाली. मग तिनं मुलीचा हात हातात घेतला. "हे बघ बाळ, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. तू दमून आलीस म्हणून म्हटलं मी. चुकलंच माझं."

"मी वर्गात रचलं ते," सर म्हणाले. "सुरुवातीला 'समजा' म्हटलं होतं. तू तेव्हा आली नव्हतीस."

तेवढ्यात मीटर रीडर आला. कडक इस्त्रीच्या शर्टात तो अवघडलेला दिसत होता. "आणि मी तर तुला सांगतच होतो, बेटा," तो म्हणाला.

लेटमार्कनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ओठ घट्ट मिटले, डोळे भरून आले. सरांना वाटलं, झालं, आता ही पोरगी पुन्हा कधी पेन हातात धरणार नाही, आणि त्याचं पाप आपल्या माथी. पण तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि फोन लावला.

"पुरवणीचे संपादक ना? माझा लेख थांबवा. हो, छापू नका. तिघांनी नाही म्हटलंय. त्यातली एक तर आधीच्या तिघांतलीच आहे." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. तिनं फोन खाली केला. "ते म्हणतात, पान रिकामं पडलंय. संध्याकाळपर्यंत दुसरं काही खरं असेल तर द्या, नाहीतर जाहिरात टाकतील."

सरांच्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्या जागी दुसरा येऊन बसला. नाव वाचलं होतं, लेख गेला होता. सगळ्या वर्षातला एकुलता एक चांगला लेख.

प्रिन्सिपलना सगळं सांगितल्यावर त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "पाहुणे येऊन बसलेत," ते म्हणाले. "खरं-खोटं सोमवारी बघू. सत्कार 'ज्येष्ठ मीटर रीडर' म्हणून करू, शर्यतीचं नाव काढायचं नाही. पण मैदानाला एक फेरी मारायला सांगितलीय, ती जाहीर झालीय, ती व्हायलाच हवी."

फेरीत सोबत म्हणून पीटीचे सर उतरले. छाती पुढे, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली आणि निवृत्त मीटर रीडर चालायला लागला.

आणि तो खरंच झपाझप चालत होता! पाठ ताठ, कोपर अंगालगत, पाय जमिनीला नुसते लागल्यासारखे पडत होते. पहिल्या वळणावर पीटीचे सर मागे पडले. दुसऱ्या वळणाच्या आधी ते कमरेवर हात ठेवून वाकले आणि जमिनीकडे बघत राहिले. शर्यत म्हणावी तर शर्यतच होती, आणि मीटरवाला खूप पुढे होता.

नेमकं तेव्हाच प्रिन्सिपलनी भाषण सुरू केलं आणि माइकनं कानठळ्या बसवणारी किंकाळी फोडली. सगळं मैदान कानांवर हात ठेवून स्टेजकडे वळलं. सर तेवढे वळले नाहीत. सत्काराच्या त्या स्टेजकडे त्यांना बघवत नव्हतं.

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, शेवटच्या फितीच्या थोडं अलीकडे, पंपाची खोली होती आणि तिच्या भिंतीवर विजेचं मीटर. मीटरवाला तिथपर्यंत आला. त्याची चाल मंदावली. तो दोन पावलं पुढे गेला, आणि मग मागे फिरला. खिशातून रुमाल काढून त्यानं मीटरची काच पुसली, मान वाकडी करून आकडे वाचले, मान डोलावली आणि पुन्हा चालायला लागला. तोवर पीटीचे सर लंगडत लंगडत त्याच्या मागून निघून गेले होते आणि दोन्ही हात वर करून त्यांनी फीत तोडली होती.

मीटरवाला दुसरा आला.

सर खुर्च्यांमधून वाट काढत, दोघातिघांच्या पायांवर पाय देत लेटमार्ककडे पोचले. इतक्या वर्षांत ते कुणाकडे असे धावत गेले नव्हते.

"लिही! आत्ताच्या आत्ता लिही. तो थांबला! पुढे होता, थांबला, मीटर वाचलं आणि दुसरा आला. माझ्या डोळ्यांदेखत!"

लेटमार्कनं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"अजून कुणी पाहिलं, सर?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती खुर्चीत मान टाकून गाढ झोपली होती. त्यांनी घाम पुसत येणाऱ्या मीटर रीडरला गाठलं.

"तुम्ही थांबलात ना मघाशी? पंपाच्या खोलीपाशी?"

मीटर रीडर ओशाळला. सत्काराची फेरी अर्धवट टाकून आपण मीटर बघत बसलो, हे त्याला प्रिन्सिपलच्या कानावर जायला नको होतं. "मी? छे हो. मी कुठे थांबलो? सवय सुटली आता."

"अहो, मी पाहिलं!"

"उन्हात भास होतात सर," तो हळुवारपणे म्हणाला.

सर मटकन पायरीवर बसले. हयातभरात पहिल्यांदाच एक गोष्ट त्यांनी मनात रचली होती आणि ती जशीच्या तशी डोळ्यांसमोर घडली होती. आणि त्यांच्याच नियमाप्रमाणे ती थाप होती. त्यांना हसू येत होतं आणि रडूही येत होतं, पण दोन्हींसाठी लागणारी ताकद अंगात उरली नव्हती.

लेटमार्क त्यांच्याजवळ थांबली नाही. ती मैदान ओलांडून पंपाच्या खोलीपाशी गेली, मीटरपुढे वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि परत आली.

"सगळ्या पेटीवर धूळ आहे," ती म्हणाली. "काच तेवढी पुसलेली आहे. ताजी. काच काही माणूस नाही, पण मी उन्हातून आले म्हणून ती खोटं बोलणार नाही. तुम्ही एक, काच दोन. अजून एक हवं. पीटीच्या सरांना विचारू या. ते त्यांच्या मागूनच गेले ना?"

"ते कशाला सांगतील?" सर म्हणाले. "आत्ताच जिंकलेत ते. चषक घेऊन फोटो काढताहेत. समोरचा थांबला म्हणून जिंकलो, असं कुणी कबूल करतं होय?"

"म्हणूनच विचारायला हवं."

एवढं बोलून ती निघालीसुद्धा. संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता. सरांनी गुडघ्यांवर हात ठेवले, एक उसासा टाकला, घरच्या खुर्चीची आठवण काढली, आणि उठून तिच्यामागे झपाझप चालायला लागले.